तांबड्या कड्यावरची तीन रोपं

इन्सब्रुक, ९ फेब्रुवारी १९०४

प्रिय बुर्गल,

आई कशी आहे? डोळ्यांत थेंब घालतेस ना तिच्या? "घालते" असं लिहून विसरणारी तू आहेस, म्हणून आधी तेच विचारतो.

आता बातमी. गेल्या मे महिन्यात आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मी गावी आलो होतो, तेव्हा तांबड्या कड्याच्या कंगोऱ्यावर दुर्बिणीतून एक जांभळट फूल दिसलं होतं, आठवतं? तुझा पाय दुखत होता म्हणून तू आली नाहीस. मी आणि वनरक्षक दोर लावून चढलो, माझ्या पोटासकट. ते फूल नऊ महिने माझ्या टेबलावर आहे. शाळेतली पोरं म्हणतात, प्रोफेसरांनी लग्न केलं.

गंमत अशी आहे. आपल्याकडे कड्यांवर दोन प्रिम्युला उगवतात. एक आपला पिवळा प्लाटेनिगल: तो चुनखडीवरच राहतो, पानांवर पीठ चाळल्यासारखी पांढरी भुकटी. दुसरा गुलाबी: तो चुनखडीला शिवत नाही, त्याला काळा पाटीचा दगड लागतो, आणि त्याची पानं बोटाला चिकटतात. दोघांचं सहसा तोंडही एकमेकांना दिसत नाही. पण त्या कंगोऱ्यावर चुनखडीचा पट्टा नेमका काळ्या दगडावर येऊन बसलाय. आणि माझ्या रोपाच्या पानावर पीठही आहे आणि चिकटपणाही! दोघांची रानात झालेली संतती, आणि या रूपातली आजवर कुणी नोंदवलेली नाही. नाव ठेवायचा मान माझा. मी ठेवलंय: प्रिम्युला रोमेदी.

माझा भाऊ रोमेड जिथं पडला, तिथल्या त्याच्या स्मृतिफळीच्या बरोबर वर हे फूल उगवावं, याला मी योगायोग म्हणत नाही.

एकच अडचण. आपल्या आजी-पणज्यांनी खिडकीतल्या खोक्यांत जी रंगीत प्रिम्युला वाढवली, तीही याच दोघांपासून निघालेली. त्यामुळे कुणीही म्हणू शकतं की हे रोप बागेतून आलंय. तू आमच्या घरी, आत्याकडे, नऊ वर्षांची असताना आलीस ती आजवर तिथंच आहेस. तेव्हा एका कोऱ्या कागदावर लिहून सही कर की त्या कंगोऱ्यावर कधी कुणी काही लावलेलं नाही. दोन ओळी पुरेत.

तुझा,
कासियान

हिंटरलान, २० फेब्रुवारी १९०४

प्रोफेसर कासियान यांस,

थेंब घालते. दिवसातून तीनदा. आत्याला विचार, ती तुझ्यासारखी संशयी नाही.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, ही माझी चूक. तिनं ते पाद्रीबाबांना सांगितलं आणि त्यांनी रविवारी उपदेशात घातलं. प्रार्थना संपल्यावर अर्धं गाव तिच्या भोवती जमलं. लोहाराचा सेप्प सुद्धा टोपी काढून उभा राहिला, ज्यानं लग्नातही टोपी काढली नव्हती. बावीस वर्षांत तिला इतकी ताठ बसलेली मी पाहिली नव्हती. "माझ्या रोमेडचं फूल" म्हणते. लॅटिन नाव तिला म्हणता येत नाही, पण रोज प्रयत्न करते.

कड्यावर रोपं लावायला कोण जाणार? इथं परसात कोबी लावायला माणूस मिळत नाही. तुझा कागद सोबत आहे, सहीसकट.

पण कासियान, दुसरं नाव नाही का चालणार? तुझंच दे. शोधलंस तू.

फळीचा रंग पार गेलाय. रोमेडचा चेहरा पुसट झालाय, आणि त्याच्या मागे काढलेली शेळी आता डुकरासारखी दिसते. "हरवलेल्या शेळीच्या शोधात रोमेड इथं पडला. वाटसरू, त्याच्यासाठी एक प्रार्थना म्हण" एवढंच काय ते वाचता येतं. आत्या म्हणते, फुलाला नाव मिळतंय तर फळीही रंगवून घ्या. उन्हाळ्यात रंगाऱ्याला बोलावते.

बुर्गल

इन्सब्रुक, २८ मार्च १९०४

प्रिय बुर्गल,

छापून आलं! मासिकाचं पान सोबत आहे. आईला नुसतं हातात दे, नाव कुठं आहे तिथं तिचं बोट ठेव.

पण सुख म्हणून पूर्ण मिळत नाही. व्हिएन्नाचे प्रोफेसर वित्समान यांनी लगेच पत्र धाडलं. प्रिम्युलांच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे पोपचा शब्द. लिहितात, "आपलं रोप कुण्या आजीबाईच्या खोक्यातून पळालेलं दिसतं." मी तुझ्या कागदाची नक्कल पाठवली. त्यावर ते म्हणतात, जूनमध्ये स्वतः येऊन जागा बघतो. येऊ देत! दगड त्यांच्या डोळ्यांसमोर असेल. शिवाय तुझी सही आहे. खरं सांगू, माझा सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे.

दुसरं नाव का नको म्हणून विचारतेस. मी रोमेडचं देणं लागतो, एवढंच समज. सगळं पत्रात मांडता येत नाही.

तुझा,
कासियान

हिंटरलान, १० एप्रिल १९०४

कासियान,

जूनमध्ये तुझ्या प्रोफेसरांना आणू नकोस. यंदा बर्फ फार आहे. दरीतला पूल मोडलाय. पूल झाला तरी वर दगड कोसळतायत. खानावळीत ढेकूण झालेत. म्हाताऱ्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर एक फळी आणखी लागेल.

तुला एक विचारू? तू शिकलेला आहेस. मेलेल्या माणसाच्या नावावर एखादी गोष्ट चुकीची चढली, तर त्याला ती तिथं टोचते का? पाद्रीबाबांना विचारायची सोय राहिली नाही, ते आता फुलावर कविता करतायत.

आत्या बरी आहे. ते पान उशीखाली घेऊन झोपते.

बुर्गल

इन्सब्रुक, १६ एप्रिल १९०४

बुर्गल,

तुझं पत्र तीनदा वाचलं. ढेकणांचं कारण देणारी बाई काहीतरी लपवते, एवढं मला शाळेत वीस वर्षं शिकवून कळतं.

तुला हे सगळं नको आहे, हे पहिल्या पत्रापासून दिसतंय. का, ते कळत नाही. रोमेडला एवढंसं काही मिळतंय तर तुझ्या पोटात का दुखावं? कदाचित माझीच अपेक्षा चूक असेल. तू त्या घरात राहिलीस, पण आईच्या लांबच्या भावाची पोर म्हणून. भाऊ माझा होता. रक्ताचं नातं नसलं की काही गोष्टी कळत नाहीत, यात तुझा दोष नाही.

वित्समान ११ जूनला येत आहेत. मीही येईन.

कासियान

हिंटरलान, २५ एप्रिल १९०४

कासियान,

रक्ताचं नातं नव्हतं हे बरोबर आहे. दुसरं होणार होतं. पेंटेकॉस्टचा सण झाला की रोमेड आत्याला आमचं सांगणार होता. मी एकोणीस वर्षांची होते. सणाला सहा दिवस उरले होते.

कड्यावरची रोपं मी लावली आहेत. तीन. १८८४ च्या जूनमध्ये. आत्याच्या खिडकीतल्या खोक्यातली, ती विटकरी-जांभळी, मध्ये पांढरा डोळा असलेली. ज्या पानासाठी तू नऊ महिने भिंग घेऊन बसलास, ते पान लहानपणी रोज सकाळी तुझ्या दुधाच्या वाडग्यासमोर होतं. खिडकीत होतं, म्हणून तुला ओळखू आलं नाही.

तुझ्या कागदावरची माझी सही खोटी आहे.

का लावली ते आता ऐक. मे महिन्यातला शेवटचा रविवार, १८८१. चर्चमधून बाहेर पडत होतो. लोहाराच्या सेप्पनं टोपीत तीन प्लाटेनिगल खोचले होते, कड्यावरून काढलेले. रोमेडच्या टोपीत कोंबडीचं पीस होतं. मी सगळ्या पोरींसमोर म्हटलं, "सेप्पच्या टोपीत कडा, आणि आमच्या टोपीत खुराडं!" पोरी हसल्या. रोमेडही हसला. मला वाटलं, झाली गंमत, संपली.

सोमवारी सकाळी तो गेला. दहाच्या सुमारास मी धुणं घेऊन ओढ्याला निघाले होते, तेव्हा मला तो दिसला. मीच पहिली पोचले. टोपी हातभर लांब पडली होती आणि तिच्या पट्टीत तीन पिवळी फुलं होती. एक पाकळी मोडली नव्हती. पुरुषमाणसं येईपर्यंत मी ती काढून पोलक्यात लपवली. मग सगळे विचारायला लागले, इथं करत काय होता हा? माझ्या तोंडून निघून गेलं, "शेळी शोधायला आला असेल."

लीझी गोठ्यात होती, कासियान. सकाळीच मी तिचं दूध काढलं होतं. पण मी धावत घरी गेले आणि तिला सोडून दिलं, आणि संध्याकाळी ती सगळ्यांना ओढ्याकाठी सापडली.

बुधवारी आत्यानं तिला कापायला लावलं. दफनानंतरच्या जेवणात तिचंच मटण होतं. मी वाढलं. तूही खाल्लंस.

तीन फुलं माझ्यापायी गेली, तेव्हा तीन रोपं परत लावावीत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रानातलं रोप उपटायला हात धजला नाही, म्हणून खिडकीतलं नेलं. मी कडा चढले नाही. वरच्या कुरणातून वाट उतरते, आम्ही बायका गवत कापायला जातो ती. घागर घेऊनही जाता येईल. रोमेडला ती ठाऊक नव्हती. त्याला हसायच्या ऐवजी मी एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. गेल्या वर्षी तू दोर लावून चढत होतास तेव्हा मी स्वयंपाकघरात कान झाकून बसले होते. माझा पाय दुखत नव्हता.

आत्याला यातलं काही माहीत नाही. ती त्या पानावर डोकं ठेवून झोपते. आता तू म्हणशील ते करीन.

बुर्गल

इन्सब्रुक, १९ मे १९०४

बुर्गल,

चोवीस दिवस उत्तर लिहिलं नाही. पहिले चार दिवस रागानं. तुझ्या सहीवर मी माझं नाव टांगलं होतं, आणि तू मला टांगू दिलंस. नंतरचे वीस दिवस राग नव्हता. धीर नव्हता.

"देणं लागतो" असं मी मागे लिहिलं होतं. ते हे.

१८८१ च्या मेमध्ये, गुरुवारी, मी रोमेडला पत्र लिहिलं होतं. माझी परीक्षा तोंडावर होती. लिहिलं, तांबड्या कड्याच्या कंगोऱ्यावर दोन दगड जिथं मिळतात तिथलं रोप मला मुळासकट हवंय, आठवड्याच्या आत. आणि शेवटी लिहिलं, "भीती वाटत असेल तर राहू दे, मी सेप्पला सांगतो." त्याला उठवायचं कसं, ते तुझ्याइतकंच मलाही माहीत होतं.

चार दिवसांनी तार आली. घरी पोचलो तर सगळे शेळी, शेळी म्हणत होते. मला तिथंच कळलं की हे खोटं आहे. लीझी म्हातारी झाली होती, गोठ्याच्या दारापलीकडे जायची नाही. तरी मी ब्र काढला नाही. मला ती शेळी हवीच होती. मटण पुढ्यात आलं, तेही खाल्लं.

म्हणजे बघ, तू आणि मी, एका ताटात वाढलेली माणसं, तेवीस वर्षं एकाच शेळीच्या आड लपून बसलो.

तेवीस वर्षांत मी घरी किती वेळा आलो, मोज. त्याचं कारण नोकरी नव्हतं. आईच्या समोर बसवत नाही मला. फुलाला त्याचं नाव दिलं की फिटेल असं वाटलं होतं.

पण तुझ्या पत्रानं एक केलं. तो माझ्या रोपासाठी चढला, आणि तुझी फुलं वाटेत दिसली म्हणून खोचली, असंच असणार. तेव्हा सगळं स्वतःवर घेऊन बसू नकोस. निम्मं माझं आहे. निम्म्याहून जास्त. ते मला उचलू दे. आणि रक्ताच्या नात्याबद्दल मी जे लिहिलं, त्याची मला लाज वाटते.

कासियान

हिंटरलान, २३ मे १९०४

कासियान,

सोबत एक पाकीट आहे. रोमेडच्या नावाचं, तुझ्या अक्षरातलं. फोडलेलं नाही.

हे त्या बुधवारी आलं. पोस्टमन कुंपणापाशी उभा होता, आत रोमेडला आंघोळ घालत होते. मी पत्र घेतलं आणि एप्रनच्या खिशात टाकलं. आत्याला वाचता येत नाही, आणि मेलेल्या माणसाचं पत्र कुणाला द्यायचं ते मला कळेना. तू गुरुवारी आलास तेव्हा परत देणार होते, पण तुझं तोंड बघून धीर झाला नाही. मग ते माझ्या पेटीच्या तळाशी गेलं. त्यात काय आहे हे मला कधी माहीत नव्हतं. तुझ्या मनावर त्याचं ओझं आहे हेही नाही.

शिक्का बघ. इन्सब्रुक, ३० मे. म्हणजे सोमवार. तुझी पत्रं टपालात टाकणारी घरमालकीण चार दिवस विसरली असेल. हे पत्र तिथं टपालात पडलं तेव्हा तो इथं खाली पडला होता.

त्यानं तुझा एक शब्दही वाचला नाही. तो टोपीसाठी गेला.

हे पाकीट तेव्हाच तुझ्या हातात ठेवलं असतं तर तुझी तेवीस वर्षं वाचली असती. त्याची माफी मागते. आणखी एक सांगायला हवं. तुझं पत्र मला शनिवारी मिळालं. निम्मं माझं, असं तू लिहिलंस, आणि मला इतकं बरं वाटलं कासियान, की शनिवार आणि रविवार दोन दिवस मी पेटी उघडली नाही. पाकीट आत आहे हे माहीत असून तुला उचलू दिलं. आज उघडली.

निम्मं बिम्मं काही नाही. सगळं माझंच आहे.

११ जूनला घेऊन ये तुझ्या माणसाला. वरच्या वाटेनं मी नेईन.

बुर्गल

इन्सब्रुक, १८ जून १९०४

प्रिय बुर्गल,

समोरासमोर बोलता आलं नाही, वित्समान होते. म्हणून लिहितो.

पाकिटावरचा शिक्का मी खिडकीत नेऊन भिंगानं पाहिला. आणि मला हलकं वाटलं. खोटं नाही सांगत, खुर्चीत बसून मी हसलो. माझ्या बाजूनं सुटलो म्हणून हसलो, तू एकटी उरलीस हे माहीत असताना. तासाभरानं लाज वाटायला लागली, ती अजून जात नाही. पत्र फोडलं नाही. आत काय आहे ते मला पाठ आहे. त्यानं वाचलं नाही म्हणून मी लिहिलं नव्हतं असं होत नाही.

कड्यावर तू पुढे चालत होतीस आणि ते म्हातारे तुझ्या हाताला धरून एखाद्या शेळीसारखे तुरुतुरु उतरले. माझ्या पोटाला दोर लागला होता ते आठवून मान खाली गेली. रोपापाशी त्यांनी पान चोळलं, हुंगलं आणि विचारलं, "कुणी लावलं?" तू तोंड उघडलंस, पण मी आधी बोललो, कारण तेवढं तरी मला करता यायला हवं होतं. "आमच्या घरच्या माणसानं" म्हणालो. त्यांनी टोपी काढली. मग म्हणाले, "चुकीची दुरुस्ती छापा. आणि लावणाऱ्याचं नाव घाला, नाहीतर पुढच्या शंभर वर्षांत आणखी दहा गाढवं इथं चढतील."

दुरुस्ती लिहिली आहे, तुझं बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव घालून. पुढच्या अंकात येईल:

"प्रिम्युला रोमेदी हे नाव मी मागे घेतो. ही रानातली संतती नाही. घरच्या खोक्यातली तीन रोपं १८८४ साली तांबड्या कड्यावर लावण्यात आली. कड्यावर फुलं काढताना पडून मेलेला रोमेड याच्या आठवणीसाठी ती त्याची वाग्दत्त वधू नोटबुर्गा हिनं लावली. चूक सर्वस्वी माझी. कासियान, इन्सब्रुक."

यात शेळी नाही. आई विचारणार. मी येऊन वाचून दाखवतो, म्हणशील त्या दिवशी. तुझ्यावर टाकून मोकळा होणार नाही, या वेळी नाही.

तुझा,
कासियान

हिंटरलान, २६ जून १९०४

कासियान,

तू यायची वाट बघितली नाही. काल दुपारी मीच वाचून दाखवलं. वाट बघितली असती तर पेटी पुन्हा बंद झाली असती, मी स्वतःला ओळखते.

आधी म्हटलं, आत्या, फुलाचं नाव गेलं. ती म्हणाली, वाच. वाचलं. "वाग्दत्त वधू" आलं तसं म्हणाली, परत वाच. परत वाचलं. मग टोपीचं सांगितलं, पोलक्यात लपवलेल्या फुलांचं, सगळं. माझं बोलणं संपलं तरी ती जपमाळ ओढत होती. मला वाटलं, आता हाकलेल. मी मनात कपडे बांधायलाही घेतले होते.

मग माळ बाजूला ठेवून म्हणाली, "मग लीझीनं काय केलं होतं गं?"

मी म्हटलं, "काही नाही, आत्या. गोठ्यात होती."

ती म्हणाली, "खाटकाला मी सांगितलं होतं, हळू काप. माझ्या पोराला किती लागलं असेल ते तिला कळू दे, असं म्हटलं होतं मी." आणि तोंड भिंतीकडे केलं. संध्याकाळी जेवायला क्नोडलचे गोळे केले, ते तिनं घेतले नाहीत.

मला ती रागावली नाही. क्षमा केली का, ते विचारायची छाती नाही. आज सकाळी थेंबांची बाटली घेऊन गेले तर तिनं नेहमीसारखी मान वर केली. एवढंच सांगता येईल. उशीखालचं पान तिनं काढलं नाही.

दुपारी रंगारी आला. फळी अंगणात टेकवली आणि विचारलं, ही डुकरासारखी दिसते ती शेळी पुसू का? मी हो म्हणणार तोच आत्या आतून म्हणाली, "पुसू नको. टोपीत तीन पिवळी फुलं काढ. आणि शेळी असू दे, पण कड्यावर नको. खाली आमच्या गोठ्याच्या दारात उभी काढ."

रंगाऱ्यानं फळी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, बाई, एवढ्याशा फळीवर गोठ्याला जागा कुठून आणू?

आत्या म्हणाली, "जागा कर."

बुर्गल